दगड नसलेल्यांची वंशावळ

१

कुलवृत्तांत हा मराठीतला एक भरघोस वाङ्मयप्रकार आहे. विसाव्या शतकात कितीतरी ब्राह्मण आणि प्रभू घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले. प्रत्येकाचा साचा जवळपास सारखा. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, आडनावाची हकीकत, मूळ पुरुष, आणि मग त्याच्यापासून फुटलेल्या शाखा. प्रत्येक नावापुढे जन्म, शिक्षण, नोकरी, वास्तव्य, लेकी कुणाच्या घरी दिल्या आणि सुना कुणाच्या घरून आणल्या. संशोधन करणाऱ्याला साधनेही हाताशी असतात : पेशवे दप्तर, इनामाच्या सनदा, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात, म्हणून घरातही नावे टिकून राहतात. पूर्वज सांभाळण्याची एक पुरी यंत्रणाच या समाजाने शतकानुशतके चालवली.

ज्यांच्याकडे सनदा नव्हत्या, पण स्वतःची दफनभूमी होती, अशाही समाजांना आपले पूर्वज सापडतात. कोकणातल्या बेने इस्रायलांचे उदाहरण घ्या. हा समाज अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात तेल गाळीत होता. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. खेड्यांतली त्यांची वस्ती जवळजवळ संपली. पण नवगाव, पेण, केहिम ही गावे नवगावकर, पेणकर, केहिमकर या आडनावांत राहिली, आणि दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रूच्या शेजारी मराठी अक्षरे राहिली. नवगावला तर फुटलेल्या जहाजातून वाहून आलेल्या पहिल्या मृतांची जागा म्हणून दोन उंचवटे दाखवतात आणि तिथे स्मारक उभे आहे. समाज गेला तरी त्याचा दगड मागे उरला. त्यांचा नातू उद्या परदेशातून आला तर त्याला हात ठेवायला काहीतरी आहे.

या लेखात मला एकाच प्रश्नाचा विचार करायचा आहे. ज्यांना सनद नव्हती, श्राद्ध नव्हते आणि थडग्यावर दगडही नव्हता, त्यांनी आपले पूर्वज कुठे शोधायचे? आणि आपल्या साहित्याने, विशेषतः दलित आत्मकथनांनी, या प्रश्नाला काय उत्तर दिले?

२

आधी एक विसंगती नीट समजून घेतली पाहिजे. गावगाड्यात मरणाशी सर्वांत जवळचा संबंध महाराचा होता. गावात कुणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन तो धावायचा. सरणाची लाकडे तो वाहायचा. मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क. बेदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिल्याची जी परंपरा आपल्याकडे सांगतात, तिच्यात हे कापडही मोजलेले असते. म्हणजे गावातल्या प्रत्येक घराण्यात कोण केव्हा मेले, कुणाचा पोरगा कोण, कुणाची लेक कुठे दिली, हे सगळे महाराला तोंडपाठ असायचे. बांधाचा तंटा उभा राहिला तर शिवेची साक्षही त्याचीच. तो गावाचा चालताबोलता दफ्तरखाना होता. त्या दफ्तरखान्यात त्याची स्वतःची नोंद तेवढी नव्हती.

महारांत मढे पुरण्याचा प्रघात होता. जाळायला लाकूड लागते, आणि दुसऱ्यांच्या सरणाची लाकडे वाहणाऱ्याच्या घरी स्वतःच्या सरणापुरते लाकूड नसे. माझे गाव माणगंगेच्या खोऱ्यातले. आमच्या वस्तीची मसणवट ओढ्याच्या काठाला होती. माती दिल्यावर वर चार धोंडे आणि बाभळीची काटेरी फांदी ठेवीत, कोल्ह्या-तरसाने उकरू नये म्हणून. पाऊस मोठा झाला की धोंडे ओढ्यात जात. पुढच्या मर्तिकाला तीच जागा पुन्हा उकरीत. माझी आजी काळ वर्षांनी मोजत नसे. मानमोडीत गेलेला चुलता, प्लेगात गेलेली आत्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना गेलेली जाऊ, अशी तिची कालगणना होती. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. ती आजीच्या जन्माआधीची, पण तिच्या आईने सांगितलेली मर्तिके तिने स्वतःची म्हणून सांभाळली होती. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. इतिहासाची पुस्तके वाचायला लागलो तेव्हा आजीची ही कालगणना कुठल्याच पुस्तकात दिसेना. ज्या साथींनी आमची घरे बसवली, त्या साथी पुस्तकांत होत्या, घरे नव्हती.

म्हणून ‘स्मशानात जा, दगड वाचा, पूर्वज सापडतील’ हा उपदेश आपल्याला लागू पडत नाही. दगड वाचायला आधी तो कुणीतरी उभा करावा लागतो. त्यासाठी जमीन लागते, पाथरवटाची मजुरी लागते, अक्षर लागते. या तिन्ही गोष्टी आपल्याला नाकारलेल्या होत्या.

३

मग आपल्या माणसांची नावे धरून ठेवणारा दगड मुळी नाहीच काय? आहे. परंतु तो कुणी आणि कशासाठी उभारला हे पाहिले पाहिजे.

परंपरेप्रमाणे चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना कूस अंगावर कोसळून गेला. ज्या कुसाने त्याला आयुष्यभर बाहेर ठेवले तेच कूस त्याच्या अंगावर पडले. नामदेवाने ढिगाऱ्यातली हाडे कानाला लावली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोख्याची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी दिली. ही कथा भक्तीचा महिमा म्हणून सांगतात. आपण ती दुसऱ्या बाजूनेही वाचली पाहिजे. हाडे ओळखायला कान लावावा लागला, म्हणजे त्या ढिगाऱ्यात इतरांचीही हाडे होती. वेठीला धरलेले इतर मजूर कोण होते? त्यांच्या हाडांतून नाम निघाले नाही, म्हणून त्यांची मोजदादही झाली नाही. आणि जो ओळखला गेला त्यालाही समाधी मिळाली ती दाराबाहेर.

दुसरा दगड भीमा-कोरेगावचा. लढाई १ जानेवारी १८१८ची. स्तंभाची पायाभरणी १८२१ची. त्यावरच्या मृतांच्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली २२ नावे आहेत. स्वतःच्या नावाने कोरलेले, गावकीच्या कामासाठी न मेलेले, असे आपले पूर्वज इथे प्रथमच एकत्र वाचायला मिळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, त्यामागे या वाचनाचे महत्त्व होते. परंतु हा दगड कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला हेही खरे. त्यावर नाव यायला शिपाई असावे लागे आणि लढाईत पडावे लागे. त्या शिपायांची आई, बायको, पोरे, त्यांनी सोडलेली वस्ती, यांना त्या स्तंभावर जागा नाही.

१३३८ ते १८१८. दोन दगडांमध्ये ४८० वर्षे. एक देवळाच्या दाराशी, एक छावणीच्या वाटेवर. मधल्या पंधरा-वीस पिढ्या ओढ्याकाठच्या धोंड्यांबरोबर वाहून गेल्या.

या दगडांना आजही किती किंमत मोजावी लागते हे आपण पाहिले आहे. वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांची समाधी आहे. १६८९ साली संभाजी महाराजांच्या देहाचे अंत्यसंस्कार त्यांनी केले अशी महार समाजातली परंपरा आहे; ती न मानणारेही आहेत. डिसेंबर २०१७च्या अखेरीस या समाधीची मोडतोड झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. वाद कागदपत्रांचा असता तर तो संशोधकांनी मांडला असता. इथे राग होता तो महाराच्या नावाने दगड उभा असण्याचा. पूर्वज असणे हीसुद्धा या देशात मालमत्ता आहे, आणि ती आपल्या ताब्यात आलेली काहींना सोसत नाही.

४

याच्या उलट एक जागा अशी आहे की जिथे आपल्याकडे वंशावळ सक्तीने मागतात. ती जागा म्हणजे जात पडताळणी. २०००च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे जातीचे प्रमाणपत्र पडताळून घ्यावे लागते, त्यासाठी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, जमिनीचे कागद, आणि गाव नमुना नंबर १४, म्हणजे खेड्यात ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. जन्ममृत्यूची ही वही ज्या कोतवालाच्या नावाने ओळखतात, तो कोतवाल पुष्कळ गावांत आपल्यातलाच असे.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत माझे विद्यार्थी हे कागद घेऊन येतात. कॉलेजात मी मराठी शिकवतो, पण त्या दोन महिन्यांत माझे खरे काम मोडी-बाळबोध नोंदी लावून देण्याचे असते. एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला. तिच्या पणज्याचे नाव एका कागदावर ‘नाक’ लावून होते, दुसऱ्यावर न लावता. मधल्या काळात समाजाने हीनत्वाची खूण म्हणून तो प्रत्यय टाकून दिला होता, एवढीच गोष्ट. कार्यालयाच्या लेखी ती दोन माणसे झाली. स्तंभावर जो प्रत्यय अभिमानाने वाचायचा तोच कागदावर नातीचा प्रवेश अडवतो. शेवटी त्याच गावातल्या एका वृद्धाच्या जबानीने आणि वतनाच्या जुन्या कागदाने तो दुवा जुळला.

या वंशावळीची दोन लक्षणे साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावीत. एक, तिच्यात फक्त बापाची बाजू चालते. आई, आजी, पणजी या वंशावळीत येतच नाहीत. दुसरे, तिच्यातला पूर्वज केवळ जातीचा पुरावा असतो. तो काय काम करी, कसा जगला, कशाने मेला, याच्याशी कुणाला कर्तव्य नसते. कुलवृत्तांत पूर्वजाला मोठा करतो, पडताळणी त्याला पुराव्यात बसवते. दोघांनाही माणूस नको असतो.

५

यातून वाट कशी काढायची याचा पाठ बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात घालून दिला आहे. त्या ग्रंथातला सिद्धांत, म्हणजे पराभूत टोळ्यांतून फुटलेली माणसे गावाच्या कडेला राखणीसाठी वसली हा, पुष्कळांना माहीत असतो. त्या सिद्धांताइतकीच त्यांची रीत मोलाची आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले. अस्पृश्यांच्या हातचा कागद नाही, शिलालेख नाही, हे त्यांनी प्रस्तावनेतच गृहीत धरले. मग त्यांनी पुरावा कशाला मानले? वस्ती गावाबाहेर का आहे, या प्रश्नाला. वस्तीची जागा हाच त्यांनी दस्तऐवज केला. आणि त्याच ग्रंथात मानवमितीची मोजमापे घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत असेही त्यांनी दाखवले. म्हणजे रक्ताचा धागा त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आणि वस्तीचा हातात घेतला.

याचा अर्थ असा की आपला पूर्वजशोध कुलवृत्तांताच्या मार्गाने जाऊच शकत नाही. आपला ‘मूळ पुरुष’ शोधणे हे बाबासाहेबांच्या विचारपद्धतीला सोडून आहे. आपल्याला शोधायची आहे ती वस्ती : तिथे कोण राहिले, काय काम केले, कोण कुठे गेले, कोण कशाने मेले. कुलवृत्तांताच्या जागी वस्तीवृत्तांत.

६

या दृष्टीने आत्मकथने पुन्हा वाचली तर त्यांचे मोल वेगळे दिसू लागते. ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा त्यातल्या दगडू आणि दया या दोन नावांमधल्या संवादाची चर्चा झाली. पांढरपेशा वाचकाने त्यात दुभंगलेले व्यक्तिमत्त्व पाहिले. माझ्या मते त्या पुस्तकाचा खरा ऐवज कावाखान्यातली आणि गावच्या महारवाड्यातली माणसे हा आहे. पुढे सुधारलेल्या मुंबईने पुसून टाकलेली, गोदीत आणि भंगारात खपलेली ती माणसे नावानिशी तिथे उभी आहेत. कुठल्याही थडग्यावर त्यांची अक्षरे नाहीत. या पुस्तकात आहेत.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने १९८४ साली आणखी पुढचा प्रश्न विचारला. ज्याचा बाप पाटील आहे आणि जो बापाचे नाव लावू शकत नाही, त्याची वंशावळ कोणती? या प्रश्नाने वंशावळ नावाच्या संस्थेचाच खोटेपणा उघडा पडतो. पाटलाच्या घराण्याची वंशावळ छापली तर तिच्यात मसामाईच्या लेकरांना जागा मिळणार नाही, आणि तरी रक्ताच्या न्यायाने ती तिथलीच आहेत. उलट संतामाईबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार रक्ताने, धर्माने, जातीने कुणीच नसून आजोबाचे काम करतो. सवर्णांचे कुलवृत्तांत अपुरे आहेत, हे ‘अक्करमाशी’ने सिद्ध केले. महारवाड्यात जन्मलेली आपली लेकरे ज्या वंशावळीने वगळली तिला शुद्ध कसे म्हणायचे?

वस्तीवृत्तांताच्या सर्वांत जवळ जाणारे पुस्तक मात्र बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. ते १९८६ साली ग्रंथरूपाने आले. शीर्षकातच ‘आमुचं’ आहे. तिथे ‘मी’ मागे उभी राहते आणि फलटणच्या परिसरातला महारवाडा पुढे येतो : त्याचा आषाढ, त्याचे पोतराज, त्याची भूक आणि बाळंतपणात मरणाऱ्या कोवळ्या पोरी. पडताळणीच्या वंशावळीत ज्यांना रकाना नाही त्या बायांची ही नोंदवही आहे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्येही (२००३) रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर भारे घेऊन चालणाऱ्या बाया आहेत, आणि आये जे आयदान विणते त्यात तिच्या आधीच्या किती जणींचे हात आहेत हे लेखिकेला ठाऊक आहे. दगड कोरणे पुरुषी काम. विणकाम दोन वर्षांत कुजते. पण हात हाताला शिकवतो, आणि तेही पूर्वज टिकवणेच आहे.

याची सुरुवात फार जुनी आहे. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा या चोख्याच्या घरातल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक आहेत ती कुठल्या समाधीमुळे? अभंगाच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेमुळे. ज्यांना दगड मिळणार नव्हता त्यांनी शब्दाला दगड केले, आणि तो गाणाऱ्यांच्या गळ्यात सहा-साडेसहाशे वर्षे टिकला. त्या नाममुद्रेतही सोयराबाईची ओळख अनेकदा नवऱ्याच्या नावावरून येते, हेही नजरेआड करू नये.

भटक्या-विमुक्तांची आत्मकथने या विवेचनाला एक कठीण प्रश्न विचारतात. ‘उपरा’ (१९८०), ‘गबाळ’ (१९८३), ‘उचल्या’ (१९८७) यांतल्या माणसांना वस्तीच नाही. माणूस मेला की वाटेवर पुरायचा आणि पुढच्या मुक्कामाला निघायचे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर त्यांच्यातल्या अनेकांची नावे प्रथम कागदावर आली ती पोलिसांच्या हजेरीत. तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला, पण त्यांच्या पूर्वजांचा शोध आजही पोलीस दप्तरापासून सुरू होतो. इथे वस्तीच्या जागी वाट घ्यावी लागेल : कुठल्या बाजाराला केव्हा, कुठल्या जत्रेला केव्हा, कुठल्या माळावर कोण राहिले. हे काम अधिक अवघड आहे म्हणून ते टाळता येणार नाही.

७

आता आपल्याच साहित्यावर एक आक्षेप घेतला पाहिजे. आत्मकथनकार आज्यापर्यंत जातो, फार तर पणज्यापर्यंत. तिथे त्याची वाट संपते. मग पुष्कळदा एकदम उडी घेतली जाते : थेट नागवंशापर्यंत, किंवा कोरेगावच्या स्तंभापर्यंत. मधला काळ कोरा. या उडीमागची भावना मी समजू शकतो. ज्याला हजार वर्षे हीन म्हटले त्याला तेजस्वी पूर्वज हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण साहित्यात ही उडी धोक्याची ठरते. मधल्या पंधरा पिढ्यांना आपण ‘लाचार’ म्हणून ओलांडून जातो. येसकराची काठी घेऊन वेशीवर उभा राहिलेला, मेलेले ढोर ओढणारा, सांगावा घेऊन रात्री-बेरात्री पळालेला तो आजा आपल्याला नको असतो. प्रस्थापितांनी त्याला नोंदवले नाही. आपणही लाजेने त्याला नोंदवत नाही.

दुसरा दोष याच्या उलट टोकाचा. अलीकडच्या काळात आत्मकथन घराण्याच्या उत्कर्षाची कहाणी होऊ लागले आहे. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकातला बापाचा स्वतःचा आवाज अस्सल आहे, त्याची जिद्द कुणालाही हलवून सोडते. परंतु त्या पुस्तकाच्या यशानंतर जो साचा रूढ झाला तो मात्र कुलवृत्तांताचा आहे : एक मूळ पुरुष, त्याची कर्तबगार मुले, त्यांच्या पदव्या, त्यांची पदे. वस्तीतले बाकीचे लोक या साच्यात हळूहळू बाहेर पडतात. ज्या गावकुसाबाहेर आपल्याला ठेवले, तसलेच एक छोटे कूस आपण आपल्या पुस्तकाभोवती बांधतो.

जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी वाचकाला अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली, म्हणून त्यांच्या अनुभवाचा दाखला इथे उपयोगी पडेल. १८५० आणि १८६०च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांच्या याद्या आहेत. त्यांत मालकाचे नाव आहे, आणि बहुतेक गुलामांचे केवळ वय, लिंग व वर्ण. मुक्त झालेल्या बहुसंख्यांची नावे शिरगणतीत प्रथम आली ती १८७० साली. ही भिंत ओलांडायला अॅलेक्स हेली यांनी १९७६च्या ‘रूट्स’मध्ये आफ्रिकेतल्या एका मूळ पुरुषापर्यंत उडी घेतली. त्या पुस्तकाने एका समाजाला मान वर करायला शिकवले. पण पुढे अभ्यासकांनी त्या उडीतले दुवे तपासले तेव्हा ते टिकले नाहीत. याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. १९९१ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकनांची जुनी दफनभूमी सापडली. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले. नावे कुणाचीच नाहीत. अभ्यासकांनी त्या हाडांवरून त्यांनी उचललेले ओझे वाचले, कुपोषण वाचले, लहान वयातली मरणे वाचली. २००३ साली ते अवशेष सन्मानाने पुन्हा तिथेच पुरले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. एका घराण्याचा मूळ पुरुष न शोधता एका वस्तीचे जगणे शोधले, आणि ते टिकले. आपल्याला घेण्यासारखा धडा हा आहे.

८

आपली मसणवट खणून काही मिळायचे नाही. ओढ्याने ती कधीच नेली. कुठे धरणाच्या पाण्याखाली गेली, कुठे त्यावर प्लॉट पडले. पण दुसरी साधने अजून हाताशी आहेत, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत संपत आहेत.

पहिले साधन वतनाचे कागद. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात ज्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि जी कनिष्ठ वतने १९५८च्या कायद्याने संपली, त्या गुलामीच्या कागदांतच आपल्या आज्या-पणज्यांची नावे हिश्शांसकट आहेत. वतनाचा तिरस्कार करावा, त्याचे कागद मात्र नकलून घ्यावेत. दुसरे साधन ओव्या. गी पॉईतव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखाच्या घरात ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. त्या गाणाऱ्या बाया नावागावासकट नोंदवल्या गेल्या, ही साधी गोष्ट नाही. आजही प्रत्येक वस्तीत अशा दोन-चार म्हाताऱ्या आहेत. तिसरे साधन वस्तीचे नाव. २०२० साली महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवरचा ‘महारवाडा’ गेलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण पाटी उतरवताना जुने नाव, त्याची जागा आणि तिथली घरे यांची एक नोंद कुणीतरी करून ठेवली पाहिजे. नाही तर उद्याच्या पोराला वाटेल की भीमनगर नेहमीच भीमनगर होते, आणि त्याच्या पणज्याने जे सोसले त्याचा पत्ताच नाहीसा होईल. पत्ता नाहीसा झाला की अन्यायही झालाच नव्हता असे म्हणणारे पुढे येतात. ते आलेलेच आहेत.

माझ्या कॉलेजातल्या मुलांना मी आता प्रकल्प म्हणून कादंबरीचा सारांश लिहायला देत नाही. आपल्या वस्तीतल्या गेलेल्या माणसांची यादी करायला सांगतो. नाव, काम, कुठून आले, कशाने गेले, कुणाच्या आठवणीवरून. बायांची नावे आधी, माहेरच्या गावासकट. मांग, चांभार, ढोर, कैकाडी, ज्याची जी वस्ती असेल ती. एका मुलाने आपल्या वस्तीची ६३ नावे आणली. त्यांत विहीर खोदताना गेलेले चार जण होते, आणि त्या विहिरीचे पाणी त्यांच्यातल्या कुणाला कधी भरू दिले नव्हते. अशी एक यादी दहा भाषणांपेक्षा अधिक सांगते.

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी हे काम आपापल्या गावात हाती घ्यावे. दर वस्तीमागे एक साधी शंभरपानी वही पुरे आहे. लेखकांनी त्या वह्या उघडून पाहाव्यात आणि स्वतःला विचारावे की आपल्या पुस्तकात यांतल्या किती जणांना जागा मिळाली. समीक्षकांनी यापुढे दलित आत्मकथन तपासताना ‘मी’ किती प्रांजळ आहे एवढेच पाहू नये. त्याच्यामागे किती माणसे उभी आहेत तेही मोजावे. कुलवृत्तांताला मूळ पुरुष लागतो. आपल्याला साक्षीदार हवे आहेत, आणि जे साक्षीदार आज ऐंशी वर्षांचे आहेत ते पुढच्या अंकापर्यंत थांबतीलच असे नाही.